कॅलेंडरात नसलेला सत्तावीस एप्रिल

सुशीलाबाई वासनिकनं वर्षातला एक अख्खा दिवस घरी बसून तयार केला, अशी कुजबुज आमच्या गावात बरीच वर्षं फिरत होती. कोणी म्हणे, दळणात कणी मिसळावी तसा तिनं कॅलेंडरात दिवस मिसळला. कोणी म्हणे, भंडाऱ्याच्या कुण्या वकिलानं शिकवलं. मीही ही कुजबुज चार घरी पोचवली आहे. खोटं कशाला बोलू, असली गोष्ट पोटात ठेवली तर मला अन्न पचत नाही.

गाव कारध्याच्या पलीकडे, आडवाटेला. नाव सांगत नाही, भांडणं वाढतात. सुशीलाबाईचा नवरा जवाहरनगरच्या बसनं कामावर जायचा. तो वारला आणि बाईनं घराच्या पडवीत आटाचक्की टाकली. चक्कीबाहेर एक काळा फळा. त्यावर आधी ‘आज बेसन दळणार नाही’ एवढंच असायचं. पुढं त्यावर दिनविशेष आला, आणि दिनविशेषाखाली बाईची स्वतःची कविता.

कविता कसली, चिमटाच तो. लोक जयंतीला जय म्हणतात, बाई त्या दिवशी कोणाचा तरी कान धरायची. महिला दिनाला लिहिलं:

आज म्हणे माहा दिवस हाय,
दळण घेऊन तूच ये गा बाप्पा.

त्या दिवशी खरंच तीन-चार बाप्पे डोक्यावर डबे घेऊन आले, मान खाली घालून. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी मिरवत निघाली, तर फळ्यावर हे:

लाकडाचा नंदी, चारा नाही खात,
त्याच्यापुढं तोरण, अन् जित्या बैलाले लाथ.

लोक हसत, थोडे चिडत, आणि दळण तिथंच टाकत. पण एका वर्षी सत्तावीस एप्रिलला फळ्यावर ‘विहिरीचा दिवस’ असं आलं, आणि हसणं थांबलं.

दोर कापला तुमी, मायनं लुगडं जोडलं,
नऊ वारानं गुंडभर पाणी वर ओढलं.
पाणी आमी पेलो, त्याले झाले कितीक साल,
तुमाले ठसका लागून राह्यला आजकाल.

ही माय म्हणजे सुशीलाबाईची आई, लीलाबाई. धर्म बदलल्यावर वस्तीतली ही पहिली बाई गावविहिरीवर गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन गेली. आणि दोर कापणारा? त्याचा नातू सुखराम आज आमचा सरपंच. नाव फळ्यावर नव्हतं, पण गावाला कुठं नाव लागतं!

सुखराम दुपारीच चक्कीवर आला. मी तिथंच होतो. दळण माझं सकाळीच झालं होतं, पण म्हटलं, बसावं जरा.

“बाई, हा कोणता दिवस काढला तुमी? कॅलेंडरात तं नाही.”

“तुह्या कॅलेंडरात नसन. माह्यात हाय.”

“पुसून टाका. मेलेल्या माणसाले कायले बदनाम करता?”

“मेलेली माय माहीबी हाय, सुखराम. तिचं नाव तं म्या कवाच झाकून ठेवलं नाही.”

फळा पुसला गेला नाही. मग सुखरामनं जे करायचं ते केलं. त्याच्या भावकीचं दळण भंडाऱ्याला जाऊ लागलं. बाकीचेही बिचकले. चक्कीचा पट्टा दिवसदिवस गप्प राहायचा. बाईचं पोट त्याच पट्ट्यावर होतं. सगळ्यांना वाटलं, पुढच्या सालापर्यंत फळ्यावर पुन्हा बेसनच येणार.

पुढचं साल आलं, सत्तावीस एप्रिल आला, आणि तीच कविता आली. या वेळी अक्षर मोठं होतं.

एक मेच्या ग्रामसभेत सुखरामनं विषय काढला. “भाऊ, जयंती सरकारनं ठरवलेली असते. ही तारीख खोटी हाय. सबूत दाखवा, नाही तं फळा उतरवा.”

सभा बाईकडे वळली. मी तर पुढच्या रांगेत सरकलो.

बाई उठली. पदर खोचला. “खोटी हाय मनतोस? बरं. मंग खरी तारीख कोणती?”

“मले काय ठाऊक?”

“मंग खोटी हाय हे कसं ठाऊक? दोर तुह्या घरच्या विळ्यानं कापला. तारीख तुमच्याच घरात सापडन. घरी इचार, सभेत येऊन सांग, फलाण्या दिवशी आमच्या आज्यानं दोर कापला मनून. म्या आजच सत्तावीस पुसतो अन् तुही तारीख लिहितो. मोठ्या अक्षरात.”

सुखराम सभेच्या वहीची पानं उलटू लागला. खरी तारीख सांगावी तर आज्याचा विळा कबूल, न सांगावी तर बाईची तारीख कायम. मागून त्याचीच काकी, कुंताबाई, मोठ्यानं म्हणाली, “सांग ना बापू! काहून घसा सुकला? पाणी आणू का, विहिरीचं?”

सभा अशी हसली की पुढचा नालीचा विषय राहूनच गेला. दुसऱ्या दिवशी कुंताबाई ज्वारीचा डबा घेऊन चक्कीवर हजर. “त्या भंडाऱ्याच्या पिठाची भाकर थापता थापता फाटते बाई,” म्हणाली. फाटत नव्हती, मी तिच्याकडे खाल्ली आहे. पण तिच्या मागून बाकीचे डबे आले. सुखरामचं दळण अजून भंडाऱ्यालाच जातं. जाऊ दे, एसटीचा धंदा होतो.

फळा अजून आहे. आमच्या गावातली पोरं सत्तावीस एप्रिल तोंडपाठ सांगतात, पंधरा ऑगस्टसारखा.

आता त्या कुजबुजीचं. लीलाबाईला तारीख आठवत नव्हती. मोहफुलं वेचून झाली होती आणि तेंदूपत्त्याची तोडणी सुरू व्हायची होती, एवढंच ती सांगायची. सुशीलाबाईनं कॅलेंडरात त्या मधल्या दिवसांतला एक कोरा चौकोन पाहिला आणि तो घेतला. दोर खरा, विळा खरा, लुगडं खरं. तारीख तिनं स्वतः ठरवली.