चेंडू अख्खा गेला नव्हता

रांगेलने जेवणाचं टेबल उलटं केलं तेव्हा मी त्याच्यासमोरच बसले होते. भाजलेल्या मिरच्यांची अख्खी परात माझ्या मांडीवर आली. स्कर्टवरचा तो तेलाचा डाग आजतागायत गेलेला नाही.

जत्रेचा दिवस होता. आमच्या खालच्या लेस्का गावाचा फुटबॉल संघ जिल्ह्याच्या वरच्या गटात गेला, त्याला वीस वर्षं होत होती. म्हणून सरपंच दिमोने चौकात जेवण ठेवलं होतं. पोटं भरल्यावर तो पेला घेऊन उभा राहिला.

"मंडळी, लेस्कात खोटारडे पुष्कळ झाले, माझ्यासकट!" लोक हसले. "पण रेफरीच्या डोळ्याला डोळा भिडवून आपल्या रांगेलनं जे ठोकून दिलं ना, त्याला तोड नाही. या गावाच्या सगळ्यात सुंदर थापेच्या नावानं!"

सगळ्यांनी पेले वर केले. रांगेलही उठला. मला वाटलं, आता तोही पिणार. त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि एका झटक्यात सगळं आडवं केलं.

"मी थाप मारली नव्हती!" तो ओरडला. "वीस वर्षं घसा फोडून सांगतोय, गाढवांनो! मी खरं बोललो होतो!"

 मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "बघा, अजून सोडत नाही! याला म्हणतात गडी!" आणि सगळा चौक हसायला लागला. फुटलेल्या काचेने रांगेलचा तळवा कापला होता, रक्त गळत होतं, आणि लोक डोळे पुसत हसत होते.

रांगेल आमचा शेजारी. सहकारी शेतीच्या आवारात ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. ताडमाड उंच, हात गुडघ्यापर्यंत लांब, म्हणून लहानपणीच सगळ्यांनी त्याला गोलमध्ये उभं केलं. डोकं कायम तापलेलं. पण खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही, हे मी शेजारीण म्हणून छातीवर हात ठेवून सांगते. एकदा माझ्या कोंबड्या त्याच्या कोबीत शिरल्या. त्याने हाकलायला दगड मारला, तो एकीच्या वर्मी लागला. दुसरा कुणी असता तर कोंबडी पुरून मोकळा झाला असता. हा तिला पायाला धरून माझ्या दारात उभा. "स्तामेनाताई, तुझी कोंबडी मी मारली. चूक तिची होती, पण मारली मी. घे!" माफी मागायला आला होता आणि माझ्यावरच डाफरत होता.

आता त्या सामन्याचं सांगते. समोर वरचं लेस्का होतं. मध्ये एक ओढा, ओढ्याच्या पलीकडे ते, अलीकडे आम्ही. रांगेलची बायको नेदा वरच्या लेस्काचीच. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. त्या दिवशी ती वडिलांशेजारी, माहेरच्या लोकांत बसली होती. तिचा भाऊ मेतोदी त्यांचा सगळ्यात जोरकस खेळाडू. वरच्या गटात जायला आम्हाला बरोबरी पुरणार होती, त्यांना जिंकणं भाग होतं. पाऊस पडून गेलेला, गोलपुढे नुसता चिखल. एकही गोल झालेला नव्हता. सामना संपत आला आणि मेतोदीने लांबून असा काही फटका मारला की चेंडू वरच्या आडव्या दांड्यावर आदळला, खाली आपटला आणि बाहेर उसळला. आमच्या माणसाने तो लाथेने दूर भिरकावला.

"गोल!" अर्धं मैदान ओरडलं. "नाही!" उरलेलं अर्धं.

बाजूचा झेंडेवाला मागेच, मैदानाच्या मध्यावर, चिखलात अडकलेला. रेफरी धापा टाकत आला. त्याला काही दिसलंच नव्हतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. तो रांगेलसमोर उभा राहिला.

"तू सगळ्यांत जवळ होतास. खरं सांग, आत गेला होता?"

"गेला होता," रांगेल म्हणाला, "पण अख्खा नाही. थोडा रेषेवर होता."

नियम काही गुंतागुंतीचा नाही. चेंडू अख्खा रेषेपलीकडे गेला पाहिजे. बोटभर जरी रेषेच्या वर राहिला तरी गोल नाही. रेफरीने जरा विचार केला आणि मान हलवली. गोल नाही.

आमच्या लोकांनी रांगेलला खांद्यावर घेतलं. तो वरून सांगतोय, "अरे, खरंच थोडा रेषेवर होता!" आणि खालून हे एकमेकांना डोळे मारताहेत. "हो हो, होता ना! थोडा होता!"

ओढ्यापलीकडे तो चोर झाला. तिकडे मोटरसायकल उभी केली की परत येईपर्यंत टाकीवर खिळ्याने कोरलेलं असायचं, चोर. सासऱ्यांकडे जेवायला बसलं की मेतोदीला दर वेळी नवा चेव यायचा. "दाजी, मीठ दे की. का मीठ टेबलावर आहे, पण अख्खं नाही?" रांगेल पावाचा तुकडा हातात चुरत बसायचा.

पण त्याला खरं जाळलं ते आमच्या लोकांनी. एकदा कुंपणापाशी तो मला म्हणाला, "वरचे निदान चिडून बोलतात गं. चोर समजतात, म्हणून चोर म्हणतात. पण ही आपली माणसं? चोर समजतात आणि डोक्यावर घेऊन नाचतात! फुकट दारू पाजतात! कशाची दारू? मी न केलेल्या चोरीची!" दुसऱ्या वर्षी त्याने संघ सोडला. गुत्त्याची पायरी चढणंही बंद केलं. जो कुणी त्या चेंडूवरून पाठ थोपटेल त्याच्याशी भांडण. अशी भांडता भांडता वीस वर्षं गेली.

टेबल उलटं केलं त्या दिवशी, ऊन अजून कलायचं होतं, नेदा अंगणातल्या नळाखाली त्याचा हात धूत होती. मी चिंधी आणि थोडी दारू घेऊन गेले होते जखमेसाठी. नेदा शांत स्वभावाची. जखम बांधता बांधता ती म्हणाली, "किती वर्षं तेच तेच, रांगेल. सोड आता. मी तर केव्हाच माफ केलंय तुला."

"काय माफ केलंस?"

"तेच."

"तेच म्हणजे काय?"

नेदाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी बाबांशेजारी बसले होते ना. मीही पाहिलं. चेंडू आत होता. तू आपल्या गावासाठी बोललास. तुझ्या जागी कुणीही बोललं असतं."

तो ओरडेल म्हणून मी मागे सरकले. तो ओरडला नाही. उठून शेडमध्ये गेला आणि आतून कडी लावली.

सकाळी मी पाणी भरत होते तर हा चुन्याची पिशवी आणि चेंडू घेऊन निघालेला, मागे घरच्या चपलांतच नेदा. "ताई, तूही चल," तो म्हणाला. "साक्षीदार पाहिजे." मैदान माझ्या परसाला लागूनच. आता तिथे बकऱ्या चरतात, पण गोलचे खांब उभे आहेत.

त्याने खांबापासून खांबापर्यंत चुन्याची रेषा ओढली. चेंडू रेषेपलीकडे गवतावर ठेवला आणि नेदाला आणि मला पार तिकडे उभं केलं, त्या दिवशी ती जिथे बसली होती तिथे.

"काय दिसतं?"

"आत आहे."

"ताई, तुला?"

"आतच आहे की रे," मी म्हणाले. चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये चक्क हिरवं गवत दिसत होतं.

"आता इकडे या. खांबाला गाल लावा. दोघी."

आम्ही गाल लावला. गंजाचा वास आला. तिथून पाहिलं तर चेंडूचं बूड पलीकडे होतं खरं, पण त्याचं पोट फुगून अलीकडे रेषेवर आलेलं. बोटभर. चांगलं बोटभर.

"दिसलं?" रांगेलचा आवाज चिरकला. "मी इथे होतो! या खांबाशी पडलेलो, डोळा याच रेषेत! तुम्ही सगळे तिकडून तिरके बघत होतात आणि मला खोटारडा म्हणता!"

नेदा बराच वेळ वाकून बघत राहिली. मग सरळ झाली.

"हे दिसलं. पण चेंडू त्या दिवशी इथेच पडला होता, आणखी पलीकडे नाही, हे कशावरून?"

"कशावरून?" तो तिच्या अंगावर धावून जातो की काय असं मला वाटलं. "माझ्यावरून! दुसऱ्या कशावरून नाही! तुझा नवरा सांगतोय यावरून!"

त्याने पिशवीला लाथ घातली. चुना उडून दोघं पांढरी झाली. तो तरातरा निघून गेला. नेदा तशीच गवतात बसली. मी हात पुढे केला तर तिने धरला नाही.

त्यानंतर घरात बोलणं नव्हतं. भांडी जोरात आपटल्याचे आवाज तेवढे यायचे.

मग द्राक्षांची तोडणी आली. नेदाच्या वडिलांचा मळा वरच्या लेस्कात आहे. दरवर्षी आम्ही सगळे मदतीला जातो. रांगेलही आला होता, टोपल्या वाहत होता, कुणाशी बोलत नव्हता. दुपारी अक्रोडाच्या झाडाखाली जेवायला बसलो. मेतोदीने पेला भरताना दारू थोडी बाहेर सांडली आणि त्याला सुचलंच. "दाजी, ही सांडली म्हणायची का? का अख्खी नाही सांडली?"

पोरंसोरं हसली. नेदाने हातातली सुरी खाली ठेवली.

"अख्खा गेला नव्हता तो चेंडू," ती म्हणाली.

"काय?"

"ऐकू येत नाही? अख्खा गेला नव्हता. रांगेल तसं म्हणतो, म्हणजे तसंच होतं."

"अगं, तू स्वतः पाहिलंस! बाबांशेजारी बसून बोंबलत होतीस!"

"मी तिरकं पाहिलं. बाबांनी तिरकं पाहिलं. आणि तू? तू काय पाहिलंस रे? फटका मारून तोंडावर पडला होतास! चिखल थुंकत होतास! वीस वर्षं माझ्या नवऱ्याला माझ्यादेखत चोर म्हणतोयस आणि मी मूर्खासारखी सगळ्यांना वाढत राहिले. आता एकदा जरी म्हणालास ना, मेतोदी, तर माहेरी परत माझं पाऊल पडणार नाही."

तिला इतकं चिडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.  म्हातारे वडील म्हणाले, "अगं पोरी, खेळातली गोष्ट ती." तर ती त्यांच्यावरही उलटली. "खेळातली असती तर खेळ संपल्यावर संपली असती, बाबा!" मेतोदी तिरीमिरीत उठून मळ्यात गेला.  परतताना ट्रॅक्टरवर नेदा चढत होती तेव्हा रांगेलने तिला हात दिला, आणि तिने धरला.

थंडी पडली. घरोघरी फळांच्या दारूच्या, रकियाच्या, भट्ट्या लागल्या. एक दिवस मेतोदी ओढा ओलांडून आला, काखेत बाटली. मी अंगणात सरपण रचत होते. रांगेल कुंपणाच्या फाटकात उभा राहिला, आत ये म्हणाला नाही.

"दाजी, मी एक सांगायला आलोय," मेतोदी म्हणाला. "चेंडू आत होता. मरेपर्यंत तेच म्हणणार. पण तू खोटं बोलला नाहीस. तुला तसा दिसला, म्हणून तू तसं बोललास. तुझे डोळे चुकले."

 मला वाटलं, बाटली आता मेतोदीच्याच डोक्यात बसणार.

"माझे डोळे चुकले?"

"चुकले."

"हे म्हण. हे खुशाल म्हण," रांगेल म्हणाला आणि त्याने फाटक उघडलं. "पण चुकले नाहीत. बस, सांगतो तुला."

नेदाने लोणच्याची कोबी आणि वाळवलेलं मांस आणून ठेवलं. बाटली अर्धी व्हायच्या आत दोघं उभे राहून एकमेकांच्या तोंडावर ओरडत होते. एक म्हणे बोटभर आत, दुसरा म्हणे बोटभर बाहेर. टेबलावर पेले मांडून खांब केले, लोणच्याच्या बरणीचं झाकण चेंडू झालं. मी कुंपणावरून ओरडले, "अरे, हळू बोला, माझी म्हातारी आई झोपलीय!" तर दोघांनी माझ्याकडे वळून एकदमच सुनावलं, "तू मध्ये बोलू नकोस!"

सरपंच दिमो ती थापेची गोष्ट अजून गुत्त्यात सांगतो, आणि लोक अजून हसतात. मी तिथे असले की उठून बाहेर येते. गेल्या वेळी येता येता त्याचा पेला मी मुद्दाम सांडला.