गोजरबाईच्या दाढेखालचा दाणा

काष्टीजवळच्या वस्तीवर ज्वारी कोठीत भरायची की अजून वाळवायची, हे सांगायचं काम गोजरबाईचं. दाणा दाढेखाली धरायचा नि दाबायचा. कट्कन आवाज आला की वाळली, भरा कोठीत. नुसता चेपला तर पुन्हा उन्हात. तीस वर्षं तिचा शब्द कुणी मोडला नव्हता. बाईचा तोराही तसाच!

पण चाळीस वर्षं मिश्री घासून हिरड्यांची पार वाट लागलेली. सुजायच्या, रक्त यायचं, की ही पुन्हा मिश्रीच लावायची, बरं वाटतं म्हणून. आता काय म्हणावं या बाईला! गेल्या शिमग्याला शेजारच्या लंकाबाईनं मूठभर ज्वारी पुढं केली, तेव्हा तिला दाढ दाबताच येईना. पण चारचौघींत कबूल करील तर ती गोजरबाई कसली? दाणा गालात ठेवला नि म्हणाली, "भर." लंकाबाईनं सहा पोती कोठीत ओतली. आषाढात झाकण काढलं तर सगळी बुरशी. तेव्हापासून लंकाबाईनं बोलणं टाकलं. दोघींच्या रानांना एकच बांध, पण शब्द नाही. गोजरबाईला घास गोड लागेना.

शेवटी सून रेश्मानं तिला श्रीगोंद्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी चार खेपांत हिरड्यांखालची घाण काढली, मिश्री सोडायला लावली. हिरड्या सावरल्यावर जबड्याचा व्यायाम दिला: हनुवटीखाली मूठ धरायची नि तिच्या जोराविरुद्ध हळूहळू तोंड उघडायचं, दिवसातून दोनदा. दुखलं की थांबायचं. खाणंही मऊ भातापासून चढवत न्यायचं, दोन्ही बाजूंनी चावून.

झालं, बाई पेटलीच! गोठ्यात मूठ, चुलीपुढं मूठ, टेम्पोची वाट बघतानाही हनुवटीला मूठ. लोकांना वाटायचं, म्हातारी कसल्या घोर काळजीत पडली. दिवाळीत दुधात भिजवलेली भाकरी आली, संक्रांतीला कोरडी, आणि महाशिवरात्रीनंतर फुटाणे. पहिला फुटाणा फुटला तेव्हा तिनं हाका मारून सगळं घर गोळा केलं आणि दुसरा फोडून दाखवला. रेश्मा हसून हसून खाली बसली.

मग पुन्हा शिमगा आला, ज्वारी घरी आली. गोजरबाईनं आपल्या राशीतला एक दाणा दाढेखाली धरला. कट्! वर्षभरानं ऐकलेला तो आवाज! तिनं पदर खोचला नि तशीच बांध ओलांडून लंकाबाईच्या खळ्यावर गेली.

लंकाबाई ज्वारी पसरत होती. तिनं मान वर केली नाही. गोजरबाईनं न विचारता दाणा उचलला, दाबला. चेपला मेला! आता गोड बोलून मिटवायची संधी होती, लंकाबाईही खुश झाली असती. पण पुन्हा तेच करायचं?

"ओली हाय. अजून दोन उनं दे," ती म्हणाली. "लंके, गेल्या साली मी दाना चावलाच न्हवता."

"ठावं हाय मला. आवाज कुठं आल्ता?"

गोजरबाई तिथंच खाली बसली. "मग भरलीस कशाला गं?"

"तू म्हनलीस म्हनून," लंकाबाई म्हणाली, आणि आषाढानंतर पहिल्यांदा तिनं गोजरबाईकडं बघितलं.