बंद जिन्यावरच्या चपला

चंद्रपुरात नागपूर रोडला मॉल उघडला तेव्हा मी आठवीत होते, इंग्रजी शाळेच्या होस्टेलवर. आई मुलचेऱ्याहून एसटीने भेटायला आली की आम्ही तिथे जायचो. सगळं शहरच जायचं. विकत काही घ्यायचं नाही, थंड हवेत फिरायचं आणि सरकत्या जिन्यावर दोनदा वर-खाली करायचं.

पहिल्या दिवशी आईने दारातच चपला काढून हातात घेतल्या. विहारात जाताना काढते तशा. एवढ्या चकचकीत फरशीवर चपला घालून कसं जायचं?

"बाई, घाला चपला. इथी कोनी काढत नाई," दारावरचे वॉचमनभाऊ म्हणाले.

तिने घातल्या. पण सरकत्या जिन्याजवळ आल्यावर पुन्हा काढल्या. एक पाय पुढे टाकला, मागे घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा घेतला. मागे रांग लागली आणि रांगेत माझ्या वर्गातली मुलगी होती.

"ही तुझी मम्मी?"

"नाही. शेजारच्या काकू आहेत."

आई हातभर अंतरावर होती. "तू जाय वर," ती म्हणाली, "मी बसतो इथी."

मी वर जाऊन आईस्क्रीम खाल्लं. परतताना एसटी स्टँडवर तिने एवढंच विचारलं, "काय दिसते व वरून?"

"काही नाही."

पुढच्या रविवारी होस्टेलवर फोन आला. "शेजारची काकू बोलून राह्यली. जेवली का?" ती हसत होती. त्यानंतर तिचा प्रत्येक फोन असाच सुरू झाला. मीही हसायचे. पण माझी चूक झाली, हे मला कधी बोलता आलं नाही.

मॉल हळूहळू ओस पडला. आधी आईस्क्रीमवाला गेला, मग कपड्यांचं मोठं दुकान, मग थंड हवा. जिना थांबला तो थांबलाच. वरचा मजला स्वस्तात मिळाला म्हणून तिथे स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींची अभ्यासिका निघाली. यंदा मी तिथे इंग्रजी शिकवायला लागले. वर सतरंज्यांवर बसतात, म्हणून मुलं बंद जिन्याच्या पायऱ्यांवरच चपला काढून ठेवतात.

मागच्या महिन्यात आई बघायला आली. वॉचमनभाऊ तेच आहेत. चपलांच्या रांगा दाखवून म्हणाले, "बाई, तुमचंच बरोबर होतं. आमालेच उशिरा समजलं."

आईने चपला काढल्या आणि तरातरा वर चढली. थेट काचेपाशी गेली. खाली रस्ता, पलीकडे वीज केंद्राच्या चिमण्या आणि त्यांच्या मागे जंगलाची हिरवी कड.

"एवढं तर दिसते. काही नाही म्हणे."

वर्गात चाळीस जण होते. एरवी माझा आवाज तिसऱ्या रांगेपुढे जात नाही.

"ही माझी आई," मी म्हणाले. शेवटच्या रांगेनेही मान वर केली.

आईने पदर सारखा केला आणि मुलांना म्हणाली, "पह्यले शेजारी राहत होतो."