ब्रेलच्या यंत्राचा ड्रायव्हर

धायरीच्या एका ब्रेल छापखान्यात मी संगणकाची सिस्टिम नवी करायला गेलो होतो. तिथले मुद्रितशोधक साठीचे, दृष्टिहीन. हातात काम नसलं तरी त्यांची बोटं टेबलावर फिरत राहायची. सिस्टिमच्या नव्या गाभ्याशी, म्हणजे कर्नलशी, छपाईयंत्र चालवणारा जुना प्रोग्रॅम, त्याचा ड्रायव्हर, जुळेना, आणि तो लिहिणारी कंपनी कधीच बंद पडली होती. दुपारपर्यंत झटून मी हरलो.

"अहो, नवीन काय आलं ते सगळे सांगतात," ते थकल्या आवाजात म्हणाले. "काय बंद पडलं ते आम्हीच शोधायचं. मुलांची पुस्तकं सोमवारी जायचीत."

मी जुनी सिस्टिम परत टाकली. हा पेच पुन्हा येणार, हे दोघांनाही माहीत होतं. यंत्र खडखडत चालू झालं. पहिलं पान त्यांनी बोटांनी सावकाश वाचलं.

"तिसऱ्या ओळीत 'ण' चुकलाय," ते म्हणाले. "ती चूक मात्र आमची."