बिनसाखळीची गाडी आणि शकूवहिनी

रविवारी सकाळी सुनंदाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. सुनंदा म्हणजे माझी पुतणी. "काका, आई गेली," ती म्हणाली. "चहा घेतला, कप बाजूला ठेवला, म्हणाली जरा पडते... आणि बस, एवढंच." तिच्या आवाजात रडं होतं, पण धक्का नव्हता. पंच्याऐंशी ओलांडलेल्या बाईनं कुणाकडून पाण्याचा तांब्याही न मागता जावं, यात धक्का कसला? मी मेथीची जुडी तशीच ठेवली आणि रिक्षा करून निघालो. वाटेत मला सारखं एकच दृश्य दिसत होतं. पिशोरच्या घराचं अंगण, कोवळं ऊन, आणि मोटरसायकलच्या मागच्या चाकाशी पदर खोचून उकिडवी बसलेली, हातात पाना घेतलेली माझी वहिनी.

शकुंतला हे तिचं पूर्ण नाव. माझ्या थोरल्या भावाची बायको, वयानं माझ्याच बरोबरीची. तिचे वडील लासूर स्टेशनच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात यंत्रं सांभाळायचे. आईविना वाढलेली ही एकुलती मुलगी त्यामुळे सरकीच्या ढिगात आणि वंगणाच्या वासात लहानाची मोठी झाली. पोलीस ॲक्शननंतर, निजामाचं राज्य गेल्यावर, औरंगाबादच्या छावणीत लष्करी सामानाचे लिलाव झाले, त्यात तिच्या वडिलांनी एक परदेशी मोटरसायकल घेतली. ही गाडी आपल्या नेहमीच्या गाड्यांसारखी नव्हती. तिला साखळीच नव्हती. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एक पोलादी दांडा जायचा, शाफ्ट, आणि चाकापाशी एका बंद डब्यात गिअर असायचे. तो दांडा फिरला की गिअर फिरायचे आणि गिअर फिरले की चाक. माझा दादा गुरांचा डॉक्टर होऊन पिशोरला रुजू झाला, तोवर सासऱ्यांचे गुडघे गेले होते. "माझ्या अंगणात उभी राहून गंजण्यापेक्षा तुमच्या कामी येऊ दे," म्हणून त्यांनी गाडी जावयाच्या हवाली केली. पिशोरच्या बाजारात गाडी उभी राहिली की माणसं वाकून बघायची. "डाक्टरसाहेब, साखळी पडली वाटतं कुठं?" असं एखादा मनापासून हळहळून विचारायचा.

दादाला गाडी चालवायला फार आवडायचं, सांभाळायला अजिबात नाही. ते काम वहिनीनं लग्नानंतर लगेचच आपल्याकडे घेतलं. मी तेव्हा औरंगाबादेत बँकेत होतो आणि शनिवारी दुपारी एस.टी. धरून पिशोरला जायचो. रविवारी सकाळी चुलीवर आंघोळीचं पाणी तापत असताना वहिनी गाडी अंगणातल्या सपाट फरशीवर सरळ उभी करायला लावायची, चाकाजवळच्या डब्याचं बूच उघडायची आणि आत बघायची. तेल बुचाच्या आट्यांपर्यंत आलेलं दिसलं पाहिजे. कमी दिसलं तर भरायचं, पण ते गेलं कुठं हे आधी शोधायचं, असा तिचा नियम होता. मग बोट बुडवून तेल घ्यायचं, अंगठ्यानं चोळायचं, उजेडाकडे धरायचं. दादा दात घासत चेष्टा करायचा, "झाली का पूजा?" त्यावर ती वर न बघताच म्हणायची, "इंजिन बिघडलं तर गाडी थांबती. हा डबा बिघडला तर चाक अडकतं, अन् माणूस फेकला जातो. तुमी दात घासा."

एका पावसाळ्यात डोंगरापलीकडच्या एका गावात घटसर्पाची साथ आली. सकाळी चरायला गेलेलं जनावर संध्याकाळी घसा सुजून आडवं पडायचं. दादाचा निरोप आला, म्हणून मी शनिवारी जिल्ह्याच्या कचेरीतून लस घेतली, थर्मासात बर्फ भरला आणि एस.टी.नं निघालो. पिशोरच्या अलीकडे नदीला पाणी चढलेलं. एस.टी. पुढं जाईना. उतारू खाली उतरून काठावर बसले. तेवढ्यात पलीकडून दादा गाडी घेऊन आला. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत होतं, तरी त्यानं गाडी घातलीच. मी मागं बसलो, थर्मास छातीशी धरला आणि आम्ही तसेच पाण्यातून परत आलो. घरी पोचलो तेव्हा दादा शूर शिपायासारखा खूश होता. वहिनी मात्र दारात कान देऊन उभी होती. "आवाज बदललाय गाडीचा," ती म्हणाली. "मागून घुमल्यावानी येतोय." दादा हसला. "पाण्यातून आलीय, सर्दी झाली असंल तिला."

सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं. मी कपडे करून अंगणात आलो तर वहिनीनं बूच उघडलेलं. तिनं मला जवळ बोलावलं. "भाऊजी, बघा." डब्यातलं तेल दुधाळ दिसत होतं, चहासारखं. पाणी आत शिरलं होतं. पण तिनं बोट चोळून उन्हाकडे धरलं तेव्हा जे दिसलं ते निराळंच होतं. बोटावर बारीक बारीक कण चमकत होते, जरीच्या धाग्याचे तुकडे असावेत तसे. आतलं लोखंड झिजून तेलात उतरलं होतं, आणि हे एका रात्रीचं काम नव्हतं; पावसाच्या झडीत मागचे दोन रविवार बूच उघडायचं राहिलं होतं.

"ही गाडी आज जायची नाय," ती म्हणाली.

दादा संतापला. त्याला संतापताना मी क्वचितच पाहिलंय. "शकू, तिथं लोक जनावरं बांधून वाट बघतायत! बर्फ वितळला की लस गेली. उद्या गोठे रिकामे झाले तर तू तोंड दाखवशील का त्यांना?"

"पायी जा. घोड्यावर जा. पर या गाडीवर तुमी घाटात नाय जायचं. अन् भाऊजींना घेऊन तर नायच नाय."

दादानं पुढं होऊन हँडल धरलं. ती बाजूला झाली नाही. तिचा आवाज चढला नाही, पण डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून दादाचा हात सुटला. मी दोघांच्या मध्ये थर्मास घेऊन उभा. एवढ्यात शेजारचे जब्बारभाई आवाज ऐकून कुंपणापाशी आले. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि आठवडी बाजारांना माल न्यायला घरचा टांगा होता. सगळं ऐकून ते म्हणाले, "डॉक्टरसाब, बाई बोलतें सो सुनो. मेरा घोडा किस दिन काम आता? खालच्या गाडीवाटेनं जाऊ, घाट नको. थोडा वखत लगेगा, बस."

वाटभर दादा मधूनमधून थर्मासचं झाकण उघडून बर्फ बघायचा आणि परत बंद करायचा. मला खरंच भीती वाटत होती. ऊन वर येत होतं, टांगा चिखलात रुतत होता, दोनदा आम्ही उतरून चाकाला खांदा लावला. पण गावात पोचलो तेव्हा थर्मासात बर्फाचे खडे अजून खुळखुळत होते. पारावर जनावरं बांधलेली, माणसं तशीच बसून राहिलेली. दादानं बाह्या सारल्या आणि कामाला लागला. मी सुया उकळून देत होतो, जब्बारभाई शिंगं धरत होते. पुढं त्या गावात साथ थांबली. त्या दिवसाआधी जी गेली ती गेली, बाकीची वाचली.

दिवस कलताना परतलो तर अंगणात एक घमेलं. वहिनीनं आमच्यामागं डबा रिकामा केला होता. घमेल्यातल्या राखाडी, दुधाळ तेलाच्या तळातून तिनं वेचून काढलेलं सगळं एका वाटीत ठेवलेलं. बेअरिंगचे तुकडे आणि गिअरचा एक अख्खा दात. दादानं तो दात उचलून तळहातावर घेतला. उलटापालटा करून बघितला. "घाटात हा गिअरांच्या मध्ये आला असता तर..." तो म्हणाला आणि दात परत वाटीत ठेवला. वहिनी म्हणाली, "आधी हातपाय धुवा. पिठलं गार व्हायलंय." पण जेवताना दादानं स्वतः उठून तिचं ताट वाढलं. आमच्या घरात मी ते पहिल्यांदाच बघत होतो.

नवे गिअर मिळायला बरेच दिवस गेले. शेवटी जब्बारभाईंच्या हैदराबादच्या एका नातलगानं भंगार बाजारातून तसलीच एक मोडकी गाडी शोधून त्यातले काढून पाठवले. औरंगाबादच्या मेकॅनिकनं ते बसवले, तेव्हा वहिनी स्टूल घेऊन तिथंच बसली होती. पातळ चकत्या घालून दोन गिअरांमध्ये किती फट ठेवायची हे तिनं त्याला विचार विचार विचारलं. परतताना दादा म्हणाला, "सगळं तुला कळतंय, मग चालवायचंच तेवढं का राहू द्यायचं?" पिशोर-कन्नड रस्त्यावर, सकाळी रहदारी नसताना, त्यानं तिला शिकवलं. महिन्याभरात ती एकटी जायला लागली. दादाची औषधं पोचवायची, अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायची. गावात थोडी कुजबूज झाली, मग तीही थांबली. सगळ्यात खूश झाली जब्बारभाईंची बायको, फातिमाभाभी. बाजारच्या दिवशी ती हट्टानं मागं बसायची, आणि गाडी जरा वेगात आली की अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असं ओरडायची, "अगे बाई, हल्लू चलाव! मैं गिरी तो कौन उठाता मेरे को!" आणि उतरल्यावर लगेच, "और एक चक्कर मारते क्या?"

दादाची बदली होत होत दोघं औरंगाबादेत आले, इथंच स्थिरावले. शहराचं नाव बदललं, रस्ते रुंद झाले, गाडी मात्र तीच राहिली. त्या पावसाळ्यानंतर गिअरचा डबा एकदाही बिघडला नाही. दादा गेल्यावर ती जरा मिटली, पण मिटून बसली नाही. खाली बसणं जमेना तेव्हा वेताच्या मोढ्यावर बसून बूच उघडायची. बोटांत जोर राहिला नाही तेव्हा सुनंदा उघडायची आणि ती बघायची. नजर अधू झाली तेव्हा नुसतं तेल चोळून सांगायची, "ठीकाय. बंद कर." तिच्याकडे बघून मला कधी वाटलं नाही की हिचं आयुष्यात काही मागं राहिलंय.

तिला जाऊन आता महिना होत आला. तेराव्यानंतरच्या रविवारी मी सहज सुनंदाकडे गेलो. ती शेंद्र्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम बघते, निवृत्तीला आली आहे. दारात गाडी उभी होती, बूच उघडं, आणि सुनंदा बोटावरचं तेल उन्हाकडे धरून बघत होती. मधासारखं स्वच्छ होतं. तिनं बूच घट्ट केलं, हात पुसले आणि म्हणाली, "काका, बसता का मागं? चौकापर्यंत जाऊन येऊ."

वहिनीच्या मागं मी कधीच बसलो नव्हतो. दिरानं भावजयीच्या मागं गाडीवर बसायचं, हे त्या काळी मला जमलंच नाही, आणि तिनंही कधी आग्रह केला नाही. या वयात सुनंदाच्या खांद्याला धरून, एक पाय दोनदा घसरून, मी कसाबसा चढलो. गाडी निघाली. साखळीची खडखड नाही, मागून घुमणं नाही, नुसता खालून येणारा एकसारखा, गुळगुळीत आवाज. चौक आला. सुनंदानं वेग कमी केला आणि मान वळवून विचारलं, "वळवू का घरी?"

"नको," मी म्हणालो, "तुझ्या आजोळाकडं, लासूरच्या रस्त्यानं घे."