फूल न येणारी कर्दळ

दहाव्याला आईच्या पिंडाला कावळा शिवला नाही.

कावळे नव्हते असं नाही. काशीच्या घाटावर कठड्यावर ओळीने बसून आमच्याकडे बघत होते. पुण्याहून आलेल्या भावाने हात जोडून आईला सांगितलं, बाबांकडे लक्ष देईन. मी सांगितलं, तुझं देवघर मी चालवीन. बाबांनी तर काय काय कबूल केलं: औषध वेळेवर घेईन, पथ्य पाळीन, मुलीशी भांडणार नाही. एकही कावळा हलला नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही गल्ल्यांतून घरी निघालो. वाटेत बाबा एकदाच बोलले.

"तिच्या मनात काय राहिलं होतं?"

पुढे कित्येक महिने त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. जन्मभर संस्कृत शिकवलेला माणूस, प्रश्न पडला की त्याला सोडायचा नाही. रोज सकाळी गच्चीवर भाताचा घास ठेवायचे आणि माकडांना हाकलायला काठी घेऊन उभे राहायचे. कावळा यायचा नाही. काठी जरा खाली ठेवली की घास माकडाचा. ते जेवेनासे झाले, अंगरखा अंगावर लोंबायला लागला. हे असंच चाललं तर वर्षश्राद्धापर्यंत बाबाही राहत नाहीत, अशी मला धास्ती बसली. आणि घरात तिसरं कुणीतरी आहे, हे मलाही जाणवायचं. मी बँकेत नोकरी केलेली बाई, असल्या गोष्टींना हसणारी. पण स्वयंपाकघरातून बाहेर पडताना मागे वळून बघायचे, आणि बघितलं म्हणून स्वतःवरच चिडायचे.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. काशीयात्रेला आलेला माणूस आवडीचा एखादा पदार्थ इथे सोडून जातो, जन्मभरासाठी. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, त्यामुळे आम्हाला हा नियम नाही. असता तर उपाशीच मेलो असतो. पण आई कोकणातून लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासूबाईंनी तिला यात्रेकरूंत धरलं आणि काहीतरी सोडायला सांगितलं. तिने पातोळ्या सोडल्या. तांदळाचं पीठ हळदीच्या पानावर पसरायचं, मध्ये गूळखोबरं घालून पान मिटायचं आणि वाफवायचं, ही पातोळी. बनारसच्या बाजारात हळदीची पानं विकायला येत नाहीत. म्हणजे जे मिळतच नाही ते सोडलं! बाबांना ही गोष्ट फार प्रिय. लग्न असो, मुंज असो, पंगतीत त्यांचं ठरलेलं असायचं की विश्वनाथाला गंडवणारी एकटी आमची ही. सगळे हसायचे. आई वाढत पुढे जायची. मीही हसायचे.

भाद्रपदात मैदागिनजवळच्या मैदानात एक रंगीत ट्रक येऊन उभा राहिला. कुठल्याशा यात्रा कंपनीचा. महाराष्ट्राच्या सहलींची जाहिरात, आणि लोक जमावेत म्हणून तिकडचे पदार्थ फुकट चाखायला. बाबांना घराबाहेर काढायला मला निमित्त हवंच होतं. रांगेत माईकवाल्याने त्यांना गाठून विचारलं, "दादाजी, महाराष्ट्र कभी गये हैं?" बाबा म्हणाले, "पेशवों के टाइम निकले थे भैया, अभी लौटना बाकी है।" कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून थट्टा ऐकली. मला बरं वाटलं.

द्रोण हातात घेऊन आम्ही पुढे सरकत होतो. झुणक्याला बाबांनी नाक मुरडलं, खानदेशी मांडा त्यांना आवडला. शेवटच्या खिडकीत एक मुलगी वाफाळलेलं पान उलगडत होती. वास आला आणि मी जागच्या जागी थांबले. हा वास माझ्या ओळखीचा होता, आणि कुठला ते मात्र आठवेना. मुलीने पातोळी द्रोणात घातली. बाबांनी ती आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली. सासुरवाडीला ते नेहमी मे महिन्यात जायचे, आणि हळदीला पानं फुटतात पावसाळ्यात. सावकाश चावत त्यांनी पदार्थ कशात वाफवला म्हणून विचारलं. मुलीने शोभेला ठेवलेलं एक ताजं पान त्यांच्या हातात दिलं. लांब, रुंद, मधोमध शीर. बाबांनी ते उलटंपालटं केलं, नाकाशी नेलं.

"ही तर आपली कर्दळ आहे," ते म्हणाले.

गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे आईची एक कुंडी होती. थंडीत नुसती माती, पावसाळ्यात हिरवीगार. फूल न येणारी कर्दळ कशाला पोसतेस, म्हणून बाबा तिला चिडवायचे. ती कुंडीला पाणी घालत राहायची. श्रावणात एखादं पान तोडून तळव्यावर चुरडायची आणि तशीच बराच वेळ उभी राहायची. तिचे हात जवळ आले की हा वास यायचा. माहेरून कंद तिनेच आणला असणार. म्हणजे पानं काशीत होती, तिच्या हाताशी होती. दर वर्षी होती. तिने कुणालाही गंडवलं नव्हतं.

घरी आल्यावर बाबा थेट गच्चीवर गेले. कुंडीला कुणी पाणी घातलं नव्हतं, तरी पावसावर पानं आली होती. मी म्हटलं, उद्या पातोळ्या करते, घासाबरोबर ठेवू. ते घाबरले. सोडलेली वस्तू तिच्यापुढे ठेवायची कशी? मी वैतागून म्हटलं, व्रत माणसाबरोबर संपतं. त्यांनी एकही पोथी उघडली नाही. संध्याकाळी इतकंच म्हणाले, "ठेव. घ्यायची की नाही ते ती ठरवील."

सकाळी पानात भात, वरण, वडा आणि पातोळी वाढून ठेवली. टाकीवर एक कावळा येऊन बसला. मान वाकडी करून बघत राहिला, खाली येईना. बाबांनी काठी भिंतीला टेकवली आणि हात जोडले.

"पंगतीतली ती गोष्ट मी पुन्हा कुणाला सांगणार नाही."

कावळा उतरला. आधी भात खाल्ला, वरणात चोच बुडवली. पातोळीवरून उडी मारून पलीकडचा वडा उचलला आणि पंचगंगा घाटाच्या दिशेने उडून गेला. पातोळी होती तशीच राहिली. बाबा कितीतरी वेळ तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बघ," ते म्हणाले, "आजसुद्धा नाही खाल्ली तिनं."