मामंजींचं धोतर

आमच्यात लेकरू झालं की त्याला नवं कापड लावत न्हाईत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं जुनं धोतर फाडून बाळुती करत्यात, म्हंजी त्याचं आविष्य लेकराला लाभतं. माझी पोरगी दुष्काळात झाली, आन् सासूबाई पेटी उचकायल्या तर मामंजींचं एक बी जुनं धोतर घावंना. धोतर इरलं की मामंजी ते परड्यात नेऊन जाळायचे, हे मला तवा कळलं. शेवटी शेजारच्या आज्याचं मागून आणलं. मला वाटलं, पोरगी झाली म्हणून मामंजींनी अंगावरचं बी दिलं न्हाय. तिला कवा मांडीवर बी घ्यायचे न्हाईत, लांबूनच बघायचे.

मग आमी समदी तळ्याच्या दुष्काळी कामावर जायलो. पोरीची झोळी बाभळीला बांधायची आन् माती वाहायची. खडकाला सुरुंग लावायचे. शिट्टी वाजली की समदे आडोशाला पळायचे, मामंजी मातर जाग्यावरच पालथे पडायचे, डोळ्यावर हात घट्ट. बाया हसायच्या, लढाईवरनं आलेला गडी सुरुंगाला भेतोय म्हणायच्या. म्या बी पदराआड हसले हाय.

एक दिवस शिट्टी वाजली, म्या पाटी टाकून झोळीकडं पळाले, तर मामंजी माझ्या आधी तिथं. पोरीला छातीशी धरून वाकून बसलेले. सुरुंग उडाला, धुरळा बसला, तरी सोडंनात. मग एकदम तिला माझ्याकडं केली.

"घे पोरी. पाण्यानं पूस तिला. माझं अंग लागलंय."

असं का म्हणता, म्या इचारलं. तवा खाली बघूनच बोलले. इंग्रजाच्या लढाईत जपान्यांनी त्यांना धरून जपानात नेलं हुतं. तिथं गावावर एकच बाँब पडला, नुसता उजेड, आन् हे भिंतीआड हुते म्हणून वाचले. पर वाचलेली माणसं बी मागनं मरायली, वरून धड दिसणारी, केस गळून. घरी आल्यावर सासूबाईला लेकरू झालं, माझ्या मालकाच्या पाठचं. त्याला ह्यांच्याच धोतरात गुंडाळलं. ते जगलं न्हाय.

"त्यो उजेड बसलाय माझ्या अंगात," म्हणले. "धोतरात बी आसंल."

म्या लई भेले. प्यायच्या पाण्यातनं फडकं भिजवलं आन् त्यांच्या म्होरंच पोरीला पुसलं. त्यांनी मान हलवली, बरं केलंस म्हणल्यागत.

आता पोरगी शाळंत जाती, दिसभर पळती, काय झालं न्हाय तिला. मामंजी मागल्या उन्हाळ्यात गेले. शेवटपर्यंत तिला खाटंजवळ येऊ दिलं न्हाय. माझे दुसऱ्या खेपंचे दिवस भरत आलेत. काल पेटी उघडली, तर रिकामी. अंगावरचं एक धोतर, ते त्यांच्यासंगंच जळालं.

द्या की मामंजी धोतर, पोरगी बघा कशी धड हाय, एवढंच म्हणायचं हुतं. लई डाव तोंडापर्यंत आलं. पर त्यो उजेड मनात यायचा, आन् म्या चुलीम्होरं जाऊन बसायची.

सासूबाई शेजारी मागायला गेल्यात.